नखानं चालणारी पाटी

माझ्याकडं एक टॅबलेट आहे. सात इंचाचा, काळा, पाठीवर ओरखडे पडलेला, आणि एका कोपऱ्याला मीच लावलेली चिकटपट्टी. लोहाऱ्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला तो एकदा दाखवला, तर त्यानं हातातसुद्धा घेतला नाही. "मॅडम, ह्याला घरी शोकेसमदी ठेवा," म्हणाला. मला राग आला. राग मला लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको.

हा टॅबलेट मी घेतला तेव्हा लोहाऱ्यात संगणकाचा वर्ग चालवत होते. त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. एक खोली, आठ कम्प्युटर, त्यातले चालू पाच. गावागावात बटणाचे फोन होते. इंटरनेट बघायचं तर कॅफेत जाऊन बसावं लागायचं. अशात पेपरात हवा सुरू झाली की आता स्वस्तातले टॅबलेट येणार, पोरापोरांच्या हातात कम्प्युटर जाणार, दप्तराचं ओझं संपणार. मी नाव नोंदवलं आणि पावसाची वाट बघावी तशी वाट बघितली. खोकं आलं त्या दिवशी सगळ्या वर्गाला टेबलाभोवती उभं करून मी भाषण ठोकलं. म्हणाले, "टेबलावरचा कम्प्युटर आता गेला म्हणून समजा. इथून पुढं सगळं हातात येणार."

भविष्य खरं ठरलं. फक्त हातात आलं ते हे नव्हतं.

खोक्यातून निघालेल्या त्या यंत्राला बोट लावलं की काहीच व्हायचं नाही. जोरात दाबावं लागायचं, तेही नखानं. त्याच्या काचेवर पातळ प्लास्टिकचे दोन पदर होते. वरचा पदर दबून खालच्याला टेकला की मगच त्याला कळायचं, इथं कुणीतरी काहीतरी म्हणतंय. आजच्या फोनच्या काचेला अंगातली नुसती बारीकशी वीज पुरते, हलकं बोट फिरवलं की ती ऐकते. ह्याला मात्र जोर लावल्याशिवाय समजत नसे. दोन बोटांनी चित्र मोठं करायची सोय नव्हती, कारण एका वेळी एकच टोचणी त्याला कळायची. एखादी फाईल उघडायला सांगून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. बॅटरी नवी होती तेव्हा दोन तास टिकायची, पुढं तेवढीही नाही. पोरांनी त्याचं नाव 'म्हातारी' ठेवलं. "मॅडम, म्हातारी उठली का?" असं रोज सकाळी विचारायची. मी चिडायचे, म्हणून आणखी विचारायची.

दोन-तीन वर्षांत बोटाचं ऐकणारे फोन ज्याच्या-त्याच्या खिशात आले. म्हातारी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मी कपाटात टाकली. कम्प्युटरच्या इतिहासात ह्या यंत्राची जागा कुठली, असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, सोयरीक जमवणाऱ्या माणसाची. टेबलावरचं यंत्र आणि माणसाचा हात ह्यांची गाठ घालून द्यायला तो उन्हातान्हात हिंडतो, आणि लग्न लागल्यावर मांडवात त्याला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. वर्गात मी हे असं कधी शिकवलं नाही. परीक्षेत येत नव्हतं.

आता माझ्या मायविषयी सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळंच आहे.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, धरणाच्या पाण्यापासून दोन शेतं सोडून. बाबा धरणावर चौकीदार होते, त्यामुळं घरात पगार होता आणि बाबांना वाचता येत होतं. मायला येत नव्हतं. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात गेलं. खुरपणी, सोयाबीनची काढणी, ज्वारीची कणसं मोडणं, आणि संध्याकाळी घरी येऊन तव्यावरच्या भाकरी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं गावात कुणालाही विचारा, माझ्यापेक्षा जास्त सांगतील. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो.

आमच्या वस्तीत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. आधी वंदना, मग वाचन, मग ज्या घराची पाळी असेल त्या घरची खीर. हे सगळीकडंच असतं. पण आमच्याकडं एक निराळी रीत आहे. जुन्या माणसांनी ग्रंथ घरांमध्ये वाटून टाकलाय. ज्या घराचं जे पान, ते दर वर्षी त्याच घरानं वाचायचं. शेताचा बांध ठरलेला असावा तसं ते ठरलेलं आहे. पुढं वाटण्या झाल्या तर भाऊ पानाचेसुद्धा दोन भाग करतात, आणि त्यावरून भांडतातही.

आमच्या घराच्या वाट्याला जे पान आलंय त्यात असं सांगितलंय की कुठलीही गोष्ट नुसती ऐकली म्हणून खरी मानू नका, मोठ्या माणसानं सांगितली म्हणूनही मानू नका, स्वतः पडताळून बघा. बाबा ते पान तीस वर्षं वाचत होते. शांतपणे, थांबून थांबून, सगळ्यांना पटेल असं. बाबांच्या मागं ते माझ्याकडं आलं. मी फुटाणे फुटावेत तशी वाचायचे. मला घरी जाऊन जेवायची घाई असायची.

"लई भरभर वाचतीस," माय म्हणायची. "तुज्या बाबाचं ऐकताना पानी पिल्यावानी वाटायचं. तुजं ऐकताना ठसका लागतो."

काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या शेवटी, ती भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "औंदा आपलं पान म्या वाचनार."

मी हसले. ते हसू आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

"हसतीस कशाला?" ती म्हणाली. "त्या पानात काय लिवलंय? ऐकलं म्हनून मानू नका. आन म्या तर तीस साल नुसती ऐकतच आली. कुनी काय वाचलं, त्येच खरं मानलं. मधलं एकांदं वाक्य तुज्या बाबानं गाळलं आसंल तरी मला काय ठाव?"

मी तालुक्यातल्या कितीतरी पोरापोरींना टायपिंग शिकवलं, त्यांच्या नोकऱ्या लागल्या, पेढे आले. आणि माझ्या घरात माझी आई अक्षरं न कळता बसलेली होती, आणि इतक्या वर्षांत तिला शिकवावं असं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग आम्ही लागलो. आधी अंकलिपी आणली. मायच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. अंकलिपीतली मोठी अक्षरं दिसायची, पण ग्रंथाची छपाई म्हणजे तिला मुंग्यांची रांग. म्हणून मी माझ्या फोनमध्ये अक्षरं गिरवायचा लहान पोरांचा कार्यक्रम टाकला आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं बोट टेकवलं. काही नाही. फिरवलं. काही नाही. बोट पुसून, ओलं करून, वाळवून बघितलं. खुरप्यानं आणि तव्यानं तिच्या बोटांच्या टोकांची कातडी अशी झालेली होती की काचेला तिथं बोट आहे हेच कळत नव्हतं. राशन दुकानातल्या मशीनवरही तिचा अंगठा उमटत नाही, दर महिन्याला तिथं वाद ठरलेला.

तिनं फोन खाली ठेवला. "ह्याला म्या दिसतच न्हाय का गं?" म्हणाली.

तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, खरोखर विचारलं होतं. ज्या काचेचं मी वर्गात एवढं कौतुक करत होते, ती काच माझ्या आईला माणसात धरत नव्हती.

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "ते तुजं काळं डबडं कुटंय? नखानं चालनारं?"

मी विसरले होते, तिच्या मात्र लक्षात होतं. अभ्र्यातून म्हातारी काढली, दिवसभर चार्जिंगला लावली, संध्याकाळी कुरकुरत का होईना उठली. माझ्या जुन्या मेमरी कार्डात अक्षरं गिरवायचा कार्यक्रम सापडला. मायनं अंगठ्याचं नख टेकवलं. शेंगा फोडून फोडून ते नख शिंगासारखं टणक झालेलं. तिनं दाबलं आणि काचेवर जाड निळी रेघ उठली.

"ऐकलं की गं!" ती ओरडली. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

त्या दिवसापासून माझी सद्दी संपली. त्या कार्यक्रमात एका बाईचा आवाज होता. अक्षर जमलं की ती "शाब्बास!" म्हणायची, चुकलं की "पुन्हा प्रयत्न करूया" म्हणायची, आणि दोन्ही वेळा सारख्याच गोडव्यानं. माय तिला उत्तर द्यायची. "व्हय बाई, करते की," असं. माझ्यात तो गोडवा नाही. पाचव्यांदा भ ला म म्हटल्यावर मी खेकसले, "माय, डोकं कुठंय तुझं? किती वेळा सांगू!" तिनं टॅबलेट उचलला, वायर गुंडाळली आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथल्या खिडकीतून वायर आत सोडून तिथंच शिकायला लागली. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "तू जा. ही बया चिडत न्हाय."

दोन दिवस मला घरात एकटीनं चहा प्यावा लागला. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं जाऊन माफी मागितली. तिनं अट घातली की चूक दाखवायची तर जेवणानंतर, आणि टॅबलेटला हात न लावता. वर्गातल्या पोरांना हे कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

सव्वा महिन्यात तिला अक्षरं आली, पुढं काना-मात्रा, आणि जोडाक्षरं धडपडत. मग आमच्या घराचं पान मी वर्गातल्या मशीनवर स्कॅन करून टॅबलेटात घातलं. अधिकच्या खुणेचं बटण दाबून अक्षरं मोठी केली की एका ओळीत तीन-चार शब्द मावायचे. नखानं ओढून पुढं जायचं. यंत्र सावकाश सरकायचं, मायही सावकाश वाचायची, दोघींचं छान जमलं. फोनवर तेच पान क्षणात सर्रकन कुठल्या कुठं गेलं असतं आणि ती घाबरली असती. ज्या मंदपणाला आम्ही नावं ठेवली, त्याच्याच आधारानं ती बसली होती. रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की ती वाचायला बसायची. मी कामाची घाई करत असताना कानावर पडायचं. मला मनातून फार बरं वाटायचं, पण तसं बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

आणि एके दिवशी म्हातारी अडकली. पडदा पहिल्या ओळीवर गोठला. माय मात्र वाचत राहिली. दुसरी ओळ, तिसरी ओळ, अगदी बाबांच्या चालीत.

मी विचार न करता बोलून गेले, "माय, पुढचं तर दिसतच न्हाय. तू वाचतीस कुठून?"

ती थांबली. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की मी जीभ चावली.

"म्हंजी म्या वाचंना व्हय?" ती म्हणाली. "म्या नुसतं म्हंतीय?"

पेपरातले मथळे ती अक्षर अक्षर लावून वाचायची, तिथं शंका नव्हती. पण हे पान तीस वर्षं कानावरून गेलेलं. डोळा पहिल्या शब्दावर असतानाच जीभ पाचव्यावर पोचायची. आणि तिला तर हेच पान वाचायचं होतं, ऐकलेलं म्हणायचं नव्हतं. दिवसभर तिनं टॅबलेटला हातही लावला नाही. मी सांगून बघितलं की विहारात कुणाला काय कळणार आहे. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःला नेम घालून घेतला. शब्दाखाली नख पोचल्याबिगर तोंड उघडायचं नाही. जीभ पळायला लागली की ओठ मिटून धरायची. त्यानं वाचन आणखी रखडलं. तरी ती रात्री जेवताना म्हणायचीच, "मला अजूनबी कळंना. डोळा आदी जातो का जीभ."

विहारातलं वाचन गुरुजी बघतात. गुरुजी म्हणजे मला शाळेत शिकवलेले, आता निवृत्त, उच्चाराच्या बाबतीत कडक. त्यांना सगळ्या घरांची सगळी पानं जवळजवळ पाठ आहेत. मी जाऊन सांगितलं की यंदा आमचं पान माय वाचणार आहे, आणि टॅबलेटवर वाचणार आहे. गुरुजी स्वतःच घरी आले.

"वहिनी, तुमचं मन मोटं हाय," ते म्हणाले. "पर ते पान तुमाला तोंडपाठच आसनार. तसंच म्हना की. कुनाला काय कळतंय?"

"मला कळंल की," माय म्हणाली.

गुरुजींना ते लागलं. मग म्हणाले, ग्रंथाच्या जागी दुसरं काही ठेवलेलं लोकांना रुचणार नाही. ह्यावर तोडगा मायनंच काढला. ग्रंथ खाली ठेवायचा, आपलं पान उघडून, आणि त्याच्यावर टॅबलेट. गुरुजींनी मान हलवली.

पाळीच्या दिवशी माय पांढरं लुगडं नेसली. खीर मी केली, थोडी खाली लागली. संध्याकाळी विहार भरलेलं होतं. मायचं वाचन आहे म्हणून एरवी न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. तिनं टॅबलेट घरूनच चालू करून आणला होता, कारण बंद केला तर वेळेवर उठणार नाही ही भीती. वंदना झाली. मग गुरुजी बोलायला उभे राहिले आणि शिक्षणाचं महत्त्व ह्या विषयावर निवांत बोलले. मी टॅबलेटच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेकडं बघत दात खात होते. गुरुजींना थांबवायची हिंमत शाळेतही नव्हती, तेव्हाही झाली नाही.

शेवटी माय पुढं जाऊन बसली. नख पहिल्या शब्दाखाली टेकवलं आणि वाचायला लागली.

मी जे पान पाच मिनिटांत संपवायचे, त्याच्या चार ओळी व्हायला तिला दहा मिनिटं लागली. एक शब्द, मग नख सरकणार, मग दुसरा. मागं कुणीतरी जांभई दिली. एक बाई दुसरीला म्हणाली, "पाठच हाय तिला, उगंच थांबतीय." ते मायच्या कानावर गेलं. तिची मान एकदम ताठ झाली. नख थांबलं, पुन्हा सरकलं. मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या, आणि त्याच वेळी मनात हीही शंका होती, की मायला खरंच वाचता येतंय ना.

पानाच्या मध्यावर ती आली. नेहमीसारखी थांबली, नख सरकवलं, आणि त्याच गंभीर आवाजात, एकेक अक्षर लावत वाचलं,

"वि-जे-री क्षी-ण आ-हे. कृ-प-या प्र-भा-र-क जो-डा."

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून मान डोलावली. काहीतरी गहन आहे असं बऱ्याच जणांना वाटलं असावं. गुरुजींच्या कपाळावर मात्र आठी पडली. ते उठून मायच्या शेजारी गेले, वाकून पडद्याकडं बघितलं, चष्मा वर-खाली केला. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, ह्यांना काही झालं की काय. पण ते हसत होते.

तो टॅबलेट बनवणाऱ्यांनी त्यात मराठी घातली होती, आणि ती कुणा विद्वानाकडून करून घेतली असणार. बॅटरी उतरली, चार्जर लावा, एवढंच त्याला सांगायचं होतं. ती सूचना पानाच्या बरोबर मध्ये येऊन बसली, आणि नखाखाली आलं ते मायनं वाचलं.

"चुकलं का गुरुजी?" ती घाबरून म्हणाली.

"न्हाय वो वहिनी!" गुरुजींनी डोळे पुसले आणि सभेकडं वळले. "हे आपल्या ग्रंथात न्हाय. तीस सालात ह्या विहारात हे कुनी म्हनलं न्हाय. मग ह्यांनी ऐकलं कुटून? वाचलं त्यांनी! डोळ्यानं वाचलं!"

मायनं सावकाश पडद्याकडं बघितलं, स्वतःच्या नखाकडं बघितलं आणि तिला उमगलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मी मात्र सगळ्यांच्या देखत रडले, अगदी हुंदके देऊन. गुरुजी म्हणाले, "रडतीस काय, जा, ते प्रभारक जोड."

विहारात एकच सॉकेट, ते दाराजवळ, आणि वायर हातभर. म्हणून मग मायला, ग्रंथाला आणि टॅबलेटला उचलून दाराशी बसवलं. आता वाचणारी मागं आणि मूर्ती पुढं. मायकडं तोंड करावं तर मूर्तीकडं पाठ होते, ते कुणाला चालेना. शेवटी सगळी सभा बाजूच्या भिंतीला तोंड करून आडवी बसली, एक कान मायकडं ठेवून. तसंच बसून लोकांनी उरलेलं पान ऐकलं. आता कुणी जांभई दिली नाही. मायची जीभही कुठं पुढं पळाली नाही. शेवटचा शब्द झाल्यावर सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं, आणि ती लागलेली खीर दोन-दोन वाट्या खाल्ली.

पांगापांग झाल्यावर गुरुजींनी वही काढली. रोजच्या वाचनाची त्यात नोंद असते. तारीख, पान, वाचणाऱ्याचं नाव आणि पुढं सही. त्यांनी ओळ लिहून वही मायपुढं सरकवली. अक्षर गुरुजींचं, फळ्यावरच्यासारखं मोठं आणि टपोरं. माय सही करायला वाकली आणि थांबली. नख टेकवून तिनं ती ओळ वाचायला सुरुवात केली. आम्ही थांबलो. ती नावापाशी आली, पुन्हा मागं जाऊन तेच वाचलं.

"गुरुजी, हे तर ह्यांचं नाव हाय," ती म्हणाली. "वाचलं म्या."

"घराचं नाव म्हनून लिवतो वहिनी," गुरुजी म्हणाले. "पैल्यापासून तसंच हाय."

"पान घराचं, ते खरं. पर हितं वाचनाऱ्याचं नाव लिवा म्हनून लिवलंय." तिनं रकान्याच्या वरच्या मथळ्यावर नख ठेवलं. आवाज वर गेला नव्हता. "ह्ये जाऊन किती सालं झाली?"

मायनं वहीची पानं मागं उलटायला सुरुवात केली. मागच्या वर्षीची आमची पाळी शोधली, त्याच्या आधीच्या वर्षीची शोधली. प्रत्येक ठिकाणी बाबांचं नाव, आणि त्याच्यापुढं माझी झोकदार सही. दर वर्षी मी ती घाईघाईत ठोकून खिरीकडं वळत होते. त्या ओळीत काय लिहिलंय ते मी एकदाही बघितलं नव्हतं.

"तू तर शिकल्याली," माय माझ्याकडं वळून म्हणाली. "सही करताना वाचत न्हवतीस व्हय?"

मी वाकून ती ओळ पहिल्यांदा वाचली.

"गुरुजी, मागल्या सालांच्या वळीत हिचं बी नाव घाला," ती म्हणाली. "आदी हिचं. मग माजं."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, आणि ते काय लिहितात ते आम्ही दोघी वाचत उभ्या राहिलो.